कानशिलाची खिडकी

लिफ्टकाका हे नाव त्यांना बालवाडीतल्या पोरांनी दिलं. त्यांची बायको तिथे शिकवायची. तिला अख्खी गल्ली 'बाई' म्हणायची, आणि बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो एवढं कळल्यावर पोरांनी पुढचा विचार केलाच नाही. नाव गल्लीभर झालं, मग कंपनीत पोचलं, आणि शेवटी खुद्द काकाच फोन उचलून 'लिफ्टकाका बोलतोय' म्हणायला लागले.

काकांचं उभं आयुष्य इमारतींच्या पोटात गेलं. लिफ्ट जिच्यातून वर-खाली करते त्या उभ्या, अंधाऱ्या पोकळीला शाफ्ट म्हणतात. तिथे कमरेला पट्टा बांधून उतरायचं, ग्रीसने बरबटलेले दोर हाताने चाचपायचे, एखादी तार तुटून काट्यासारखी वर आली आहे का बघायचं. डोक्यावर अख्खी लिफ्ट टांगलेली. भीती नाही का वाटत, असं कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "भ्यायला हात मोकळे लागतात." घरात मात्र पाल दिसली की हेच काका खुर्चीवर चढायचे आणि बाईंना झाडू घेऊन धावावं लागायचं. शाफ्टात लोंबकळणारा शूर गडी बघून घ्या, असं म्हणत त्या पालीला बाहेरचा रस्ता दाखवायच्या.

खरी भीती काय असते हे काकांना कळलं ते एका सुट्टीच्या सकाळी. नवरा-बायको गॅलरीत धुतलेली चादर पिळत होते. एक टोक काकांच्या हातात, दुसरं बाईंच्या. मध्येच बाईंनी टोक सोडलं, मानेवर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं." मग त्या खाली बसल्या, ओकल्या, आणि काका पाणी घेऊन येईपर्यंत त्यांची मान एका बाजूला कलली होती.

फुटलं होतं हे खरंच. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मांडीच्या सांध्यातून बारीक तार वर नेऊन तो फुगा आतून बंद केला. रक्त सांडल्यामुळे मेंदूतलं पाणी तुंबत होतं, म्हणून डोक्याला भोक पाडून एक नळीही ठेवली. काका हे सगळं मान हलवत ऐकत होते. कानांवर शब्द पडत होते, पण आत एकच वाक्य फिरत होतं: तिने टोक सोडलं, आपण काहीच केलं नाही, चादर धरून उभे राहिलो.

पाणी हळूहळू निवळलं, नळी काढली. आता उतार पडेल असं वाटलं, तर फुप्फुसांनी दगा दिला. जंतुसंसर्ग झाला, व्हेंटिलेटरवरचे आकडे वाढत गेले. त्यात एकदा तपासणीसाठी बाईंना तळघरात सीटी स्कॅनला न्यायचं ठरलं. पलंग, ऑक्सिजनचं नळकांडं, पंप, सोबत चार माणसं. काकाही मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट सुटताच त्यांचे कान टवकारले. थांबताना ब्रेक उशिरा धरत होता. लिफ्ट तळघराच्या फरशीपेक्षा दोन बोटं खाली थांबली, पलंगाचं पुढचं चाक उंबरठ्याला अडलं, एकाने जोर लावला, पलंग हिसक्याने वर आला आणि बाईंच्या तोंडातली नळी ताणली गेली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. एक डॉक्टर हातातली पिशवी दाबून श्वास देत होता आणि काका भिंतीला चिकटून त्या आकड्याकडे बघत होते. आकडा वर यायला फार वेळ लागला. स्कॅन झाला, त्यात काळजीचं काही नव्हतं. पण वर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं सुधारेपर्यंत आता यांना इथून हलवायचं नाही.

त्या दिवसापासून काकांच्या जिवात जीव राहिला नाही. त्यांनी कंपनीतून रजा घेतली आणि दुपारच्या भेटीची वेळ सुरू झाली की पहिले तेच आत. दुसऱ्या गावी नोकरी करणारी मुलगी येऊन राहिली होती. ती सकाळी बसायची, काका दुपारपासून. यंत्रावर दिवा लुकलुकला की काका सिस्टरला बोलवायचे. सलाइनचा थेंब अडला, बोलव. बाईंचा पाय गार लागला, बोलव. सिस्टर पोक्त होती. ती प्रत्येक वेळी यायची, बघायची, आणि एकदा फक्त म्हणाली, "काका, यंत्रं ओरडतात म्हणून आम्ही निवांत असतो. ती गप्प बसली तर आम्ही पळतो." काका ओशाळले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, काका तर आता साधं पाणीही फुंकत होते.

मग बाई जरा सुधारल्या. गुंगीचं औषध कमी केल्यावर त्यांनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं, पण हात हातात घेतला की दोन बोटं दाबायच्या. मुलीने दाबायला सांगितलं की लगेच, काकांनी सांगितलं की मुद्दाम उशिरा. काकांना ती थट्टा कळली, आणि कित्येक दिवसांनी ते कॅन्टीनमध्ये जाऊन पोटभर जेवले.

पण ते सुख टिकलं नाही. एका दुपारी काकांनी हात धरला आणि दाब आला नाही. दमली असेल, म्हणून ते गप्प बसले. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. पापण्या किंचित हलल्या, बास. सिस्टरला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत्तापर्यंत दहा वेळा उगाच बोलावलं, आता अकराव्यांदा काय सांगणार, बायको आळसावली म्हणून? त्यांनी बाहेर जाऊन मुलीला फोन लावला आणि सकाळी आईने हात दाबला होता का ते विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा, मला वाटलं मलाच भास होतोय. सकाळी अगदी हलकासा दाबला. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

काका परत आत गेले ते सिस्टरकडेच. पण तिथे पोचले तर पलंगाशी आयसीयूची तरुण डॉक्टर आधीच उभी होती. ठेंगणी, चष्मा कपाळावर, खिशात तीन पेनं. तिने बाईंच्या पापण्या उघडून टॉर्च मारला, बोटाचं नख दाबलं, नाव घेऊन हाक मारली. सकाळच्या फेरीलाच तिला काहीतरी खटकलं होतं. काकांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, स्वतःची आणि मुलीची. तिने त्या लक्ष देऊन ऐकल्या.

तिने सांगितलं ते काकांना बेताचंच झेपलं. माणूस असा मंद पडतो त्याची कारणं बरीच असतात. ताप, रक्तातलं मीठ कमी होणं, औषधाची राहिलेली गुंगी, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसणं. आणि एक म्हणजे नळी काढल्यावर मेंदूतलं पाणी पुन्हा तुंबणं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, पाणी तिथे तयार होतं आणि वाहून जातं. वाट बंद झाली की पोकळ्या फुगतात आणि मेंदूला आतून दाबतात. याला हायड्रोकेफॅलस म्हणतात. वेळेत कळलं तर उपाय आहे. नाही कळलं तर, असं म्हणून ती थांबली.

"म्हणजे पुन्हा खाली न्यावं लागणार," काका म्हणाले. डोळ्यांपुढे ते चाक, तो उंबरठा, तो घसरणारा आकडा.

डॉक्टर म्हणाली, नेता आलं तर नेणारच, खात्रीची तपासणी तीच. पण आज यांची फुप्फुसं ती वारी झेलणार नाहीत. आधी इथेच सोनोग्राफी करून बघते.

काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सोनोग्राफी त्यांना माहीत होती ती पोटाची. मुलीच्या वेळी बाईंची केली होती. डोक्याला तर हाडाची पेटी असते, तिच्यातून काय दिसणार? डॉक्टरने आपल्याच कानशिलावर बोट टेकवलं. "इथे हाड सगळ्यात पातळ असतं. आम्ही याला खिडकी म्हणतो. सगळ्यांची उघडी नसते, बायकांची तर वय वाढलं की बऱ्याचदा बंद होते. सीटीच्या दिवशी मी यांची बघितली होती, एकच बाजू उघडी होती. आज पुन्हा दोन्हीकडून बघू."

चाकांवरचं छोटं यंत्र आलं. डॉक्टरने बाईंच्या उजव्या कानशिलाला गार जेल लावलं, यंत्राला वायरने जोडलेला प्रोब टेकवला आणि पडद्याकडे बघायला लागली. पडद्यावर करड्या रंगाचं धुकं. तिने प्रोब तसूभर पुढे नेला, तसूभर मागे, तिरका केला. धुकंच. तिने दिव्याचा झोत कमी करायला सांगितला. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून पडद्यापेक्षा तिच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर त्यांना काहीच वाचता येत नव्हतं.

"ही बाजू बंद आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळीही बंदच होती."

ती पलीकडे गेली. डावीकडे पंप, नळ्या, व्हेंटिलेटरचा पाइप, उभं राहायला जागा नव्हती. सिस्टरने एक स्टँड सरकवला, दुसरा काकांच्या हातात दिला आणि धरून ठेवा म्हणाली. हाताला काहीतरी धरायला मिळालं म्हणून काकांना जरा बरं वाटलं. पुन्हा जेल, पुन्हा धुकं. मग धुक्यातून हळूहळू एक आकार वर आला, आणि मधोमध दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये काळं. रेघा म्हणजे पोकळीच्या भिंती, काळं म्हणजे पाणी, असं डॉक्टर म्हणाली.

डॉक्टरने चित्र गोठवलं. दोन रेघांमध्ये खुणा टाकून अंतर मोजलं. प्रोब उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा मोजलं. मग आणखी एकदा. मग तिने यंत्रात साठवलेलं जुनं चित्र शेजारी उघडलं. सीटी झाला त्याच संध्याकाळी तिने हीच सोनोग्राफी करून ठेवली होती, पुढे बदल झाला तर ओळखता यावा म्हणून. त्या चित्रात रेघा जवळजवळ चिकटलेल्या होत्या, मधलं काळं म्हणजे नुसती फट. आजच्या चित्रात ती फट कितीतरी रुंद झाली होती. काकांना वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन चित्रांतला फरक आंधळ्यालाही दिसला असता.

"हे वाढलंय," ते म्हणाले.

"हो, वाढलंय."

मेंदूचे मोठे सर्जन आले तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. उंच, कमी बोलणारे. त्यांनी दोन्ही चित्रं बघितली आणि स्वच्छ सांगितलं की एवढ्याशा पुसट चित्रावर मी कुणाच्या डोक्यात सुई घालत नाही, मला सीटी हवा. डॉक्टर म्हणाली की तिलाही हवा. पण सकाळपासून पेशंट खालावतेय, दुसरं काही सापडलेलं नाही, रक्तातलं मीठ ठीक आहे, गुंगीचं औषध बंद आहे. आणि ऑक्सिजन एवढा वर ठेवूनही आकडा जेमतेम तग धरून आहे. खाली नेताना काय झालं होतं ते सगळ्यांना आठवतंय. ती हे बोलत होती तेव्हा तिचा आवाज जरा बारीक झाला होता. सर्जन रागावले नाहीत. त्यांनी तिला प्रोब पुन्हा लावायला सांगितला आणि स्वतः वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग प्रोब स्वतःच्या हातात घेतला.

शेवटी ते काकांकडे वळले. पलंगावरच नळी पुन्हा घालता येईल, असं त्यांनी सांगितलं. धोका आहे. नळी जाताना रक्त येऊ शकतं, जंतू जाऊ शकतात, आणि अंदाज चुकला असेल तर नळी विनाकारण घातल्यासारखं होईल. थांबलो तर उद्या-परवा फुप्फुसं सुधारून सीटी करता येईलही. पण पाणी थांबणार नाही. संमती काकांनी द्यायची होती.

काकांनी मुलीला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत ते आयसीयूबाहेरच्या बाकावर बसले. समोर हॉस्पिटलची लिफ्ट वर-खाली करत होती, दार उघडत होतं, माणसं येत-जात होती. आयुष्यभर त्यांनी बिघाड शोधला तो हात लावून, कान लावून, दोर चाचपून. इथे हात लावायला काही नव्हतं. बायकोच्या डोक्यात काय चाललंय ते एका पुसट चित्रावरून ओळखायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हणालो आणि रक्त आलं तर? नाही म्हणालो आणि उद्या ती उठलीच नाही तर? इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना वाटलं उठावं, पायऱ्या उतराव्यात आणि चालत सुटावं, कुणीतरी दुसऱ्याने ठरवून मग फोन करावा. उठलेही. दोन पायऱ्या उतरले आणि कठडा धरून तिथेच थांबले. मुलगी खालून येताना तिथेच भेटली. कुठे निघालात, असं तिने विचारलं नाही. हात धरून वर आणलं.

तरुण डॉक्टर बाहेर आली. काकांनी तिला एकच विचारलं. "तुमचं चुकलं असेल तर ते कळणार कसं?"

ती म्हणाली, "नळी आत पोचली आणि पाणी दाबाने बाहेर आलं, तर बरोबर. नुसतं ठिबकलं तर मी चुकले. लगेच कळेल, आणि मी स्वतः येऊन तुम्हाला सांगेन." तिने पुढे जोडलं, "काका, भीती मलाही वाटतेय. पण थांबायची जास्त वाटतेय."

काकांनी मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली. काकांनी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही.

मग दार बंद झालं. मुलगी बाकावर पाय वर घेऊन बसली होती, लहानपणी दवाखान्यात बसायची तशी. काका उभेच होते. आतून पाण्याच्या नळाचा आवाज आला, कुणीतरी हात धूत होतं. मग बराच वेळ काही नाही. एकदा कुणीतरी भराभर चालत गेलं आणि काका दाराशी सरकले. ते सिस्टरचं वाक्य आठवून कान देत होते, यंत्रं वाजतायत का, गप्प झालीत का. वाजत होती. त्या आवाजाचा एवढा आधार वाटेल असं त्यांना कधी वाटलं नसतं.

दार उघडलं. तरुण डॉक्टरच्या डोक्यावर अजून निळी टोपी होती. ती काही बोलायच्या आत काकांनी तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघितलं.

"दाबाने आलं," ती म्हणाली. "नळीत भराभर वर चढलं. सर फक्त 'पाणी होतं' एवढंच म्हणाले." मग ती बाकावर टेकली, मुलीच्या शेजारी, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बाई लगेच उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच होत्या, आणि काकांना ती सकाळ सगळ्यात वाईट गेली. पाणी निघालं, आता काय राहिलं? डॉक्टर म्हणाली की दाब कमी झाला तरी मेंदूला सावरायला वेळ लागतो. काकांनी ऐकलं, पण विश्वास ठेवायची ताकद संपली होती. दुपारी मुलगी धावत बाहेर आली. आईने डोळे उघडलेत. काका आत गेले, हात धरला, आणि दाबायला सांगायचं धाडस होईना. नुसतेच धरून बसले. बऱ्याच वेळाने दोन बोटं आपणहून वळली.

फुप्फुसं सुधारल्यावर सीटी झाला, आणि सोनोग्राफीत दिसलं होतं तेच त्यात दिसलं. नळी काढायची का हे ठरवायला डॉक्टर ती थोडा वेळ बंद करून ठेवायची आणि कानशिलाला प्रोब लावून फट बघायची. दर वेळी फट रुंद व्हायला लागायची. तेव्हा कायमची सोय करावी लागली. कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत एक बारीक नळी, शंट म्हणतात तिला. जास्तीचं पाणी आतल्या आत पोटात उतरतं. बाईंना बोलता यायला लागल्यावर हे समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे आता माझी अक्कल पोटात जाणार?" आयसीयूत त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं.

बाई घरी आल्या, पण सगळ्या आल्या नाहीत. डावा पाय ओढतात. शब्द मध्येच हरवतात, आणि हरवला की त्या चिडतात. बालवाडीत आठवड्यातून एकदा जाऊन बसतात, शिकवत नाहीत. काकांनी शाफ्टात उतरणं सोडलं. कंपनीने त्यांना नव्या माणसांना शिकवायच्या कामाला लावलं आहे, आणि लिफ्ट फरशीच्या पातळीला नेमकी थांबली पाहिजे यावर ते एवढा वेळ बोलतात की पोरं कंटाळतात.

घरी सोडताना डॉक्टरने सांगितलं होतं की शंटही कधी तुंबू शकतो. डोकं दुखलं, उलटी झाली, फार झोप येऊ लागली तर लगेच आणा. पहिल्या दोन गोष्टी ठीक होत्या. पण झोप? बाई दुपारी जेवून आडव्या झाल्या की काकांचा जीव टांगणीला लागायचा. दाराशी उभं राहून ते श्वास बघायचे. मग हळूच हाक मारायचे. बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "झोपलेय. माणसं झोपतात." काका बाहेर जायचे आणि पुन्हा यायचे.

एकदा बाईंना सर्दी झाली होती. जेवून आडव्या झाल्या त्या उठेनात. काकांनी हाक मारली, हलवलं. बाईंनी डोळे अर्धवट उघडले, काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा मिटले. चप्पल कुठली, किल्ली कुठली, काही सुधरेना. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलात नेलं. तीच ठेंगणी डॉक्टर होती. तिने प्रश्न विचारले, टॉर्च मारला, आणि यंत्र ओढत आणलं. डावं कानशील, गार जेल. तेवढ्या गारव्याने बाई दचकून जाग्या झाल्या आणि हे काय चाललंय म्हणून विचारायला लागल्या. पडद्यावर दोन रेघा, मध्ये बारीक फट, होती तेवढीच. खोदून विचारल्यावर निघालं की बाईंनी सकाळी सर्दीची गोळी घेतली होती, आणि घेतल्याचं विसरून दुपारी दुसरी.

काका मान खाली घालून माफी मागायला लागले. डॉक्टरने मध्येच थांबवलं. ती म्हणाली, शंका आली की यायचंच. रिकाम्या हाताने परत गेलात तर मला आनंदच आहे.

परतताना ते बसने आले. बाई खिडकीशी बसल्या, गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. गोळ्या आता काकांनीच कुलपात ठेवाव्यात असं त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाल्या. काका हो म्हणाले. रिपोर्टची पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि तिचा प्लास्टिकचा कागद सारखा वाजत होता, कारण त्यांचे हात अजून थरथरत होते. बाईंनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग काही न बोलता पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.